सूचनावहीचे वंशज

लांब आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, आखीव पानांची वही. वर तारीख, खाली मुख्याध्यापकांच्या अक्षरात तीन-चार ओळी, त्याखाली शिक्षकांची नावे आणि प्रत्येक नावापुढे सहीपुरती मोकळी जागा. शिपाई ही वही काखेत मारून वर्गावर्गांत फिरायचा. शिक्षक खडू खाली ठेवून उभ्याउभ्याच वाचायचे, सही करायचे आणि पुन्हा फळ्याकडे वळायचे. उद्या शाळा सकाळची आहे, पटपडताळणीसाठी साहेब येणार आहेत, चाचणीचे गुण शनिवारपर्यंत द्यावेत. कित्येक शाळांच्या कपाटात या वह्या दप्तर म्हणून आजही सांभाळलेल्या आहेत.

सूचनावहीची दोन कामे होती. निरोप पोचवायचा आणि तो पोचल्याचा पुरावा ठेवायचा. 'मला कळलेच नाही' असे उद्या कोणी म्हणू नये, ही त्या सहीमागची खरी गरज. शिक्षकाने उलट काही लिहावे, अशी जागा मात्र तिच्यात नव्हती. पालघर, बोईसर आणि तारापूरच्या शाळांत आज मुख्याध्यापकाच्या हातात जो फोन आहे, त्याच्या पूर्वजांचा शोध घेताना हीच गोष्ट वारंवार समोर येते. शाळेतल्या निरोपाची दोन घराणी आहेत. एक वरून खाली येणाऱ्या आदेशाचे, दुसरे शिक्षकाने शिक्षकाला सांगण्याचे. पहिले घराणे प्रत्येक नव्या यंत्राबरोबर बळकट झाले. दुसऱ्याची वंशवेल पालघर जिल्ह्यात फार सुंदर वाढली होती आणि तिच्याकडे लक्ष कमी गेले, म्हणून हा मागोवा.

आदेशाचे घराणे मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते सुरू झाले तिथपर्यंत मागे जाते. खाते आले, तसा शाळा तपासणारा डेप्युटी आला. खेड्यातली माणसे त्याला दिपोटी म्हणत. तो येई, मुलांना प्रश्न विचारी आणि शेरेबुकात शेरा लिहून जाई. तो शेरा हेच शाळेचे आणि खात्याचे बोलणे. दोन गावांच्या मास्तरांनी एकमेकांशी बोलावे, अशी सोय त्यात धरलेली नव्हती. ती सोय छापखान्यामुळे झाली. १८६१ मध्ये 'मराठी शालापत्रक' निघाले. ते खात्याचेच, शाळामास्तरांसाठी काढलेले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते चालवले आणि १८६८ पासून विष्णुशास्त्र्यांनी. विष्णुशास्त्र्यांच्या हाती आल्यावर त्यातले लिखाण टोकदार झाले, सरकारला ते रुचले नाही आणि १८७५ मध्ये पत्रक बंद झाले. मास्तरांसाठी काढलेल्या कागदात मोकळे बोलणे सुरू झाले की खाते अस्वस्थ होते, हा अनुभव इतका जुना आहे. राज्याच्या शिक्षण विभागाचे 'जीवन शिक्षण' हे मासिक आपली परंपरा १८६१ च्या त्या पत्रकापासून सांगते.

आता पालघर जिल्ह्यात येऊ. डहाणू तालुक्यातले बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. गोखले एज्युकेशन सोसायटीची इथली शाळा १९२० ची. आचार्य भिसे तिचे मुख्याध्यापक होते आणि शाळेच्या भिंतीपलीकडच्या आदिवासी वस्त्यांकडे त्यांचे लक्ष असे. याच बोर्डीत १९४५ मध्ये ताराबाई मोडक आल्या, आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द या मातीतून देशभर गेले, हे सर्वांना माहीत असते. ताराबाईंच्या हातात आणखी एक साधन होते, त्याची आठवण मात्र कमी काढली जाते. ते साधन म्हणजे 'शिक्षणपत्रिका'. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. गिजुभाईंची पत्रिका गुजरातीत चालत होती. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी १९३३ मध्ये सुरू केली, आणि पुढे अनुताईंनीही तिचे संपादन केले.

या पत्रिकेकडे मी मासिकापेक्षा शिक्षकांच्या आपसातल्या दळणवळणाचे यंत्र म्हणून पाहतो. कोसबादला मुलांच्या हातात विकतची माँटेसरी साधने देणे परवडणारे नव्हते. म्हणून शंख, शिंपले, बिया, पाने, गवताच्या काड्या वापरल्या गेल्या. टेकडीवर सापडलेली ही युक्ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालवाडीत पोचायची, तर तिथल्या बाईंना कोणीतरी ती नीट सांगायला हवी: मुलाने काय केले, काय चुकले, मग काय बदलले. हे परिपत्रकात येत नाही. हे केलेल्या माणसाने करू पाहणाऱ्या माणसाला सांगायचे असते, आणि त्या काळी त्यासाठी पोस्टाचे तिकीट पुरेसे होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. एका अर्थी दोघी संस्थेच्या प्रमुखच होत्या. आपल्या हातातले सर्वात दूर पोचणारे साधन त्यांनी हुकूम देण्यासाठी न वापरता अनुभव वाटण्यासाठी वापरले. शाळाप्रमुखाने तंत्रज्ञान कसे वापरावे, याचा इतका चांगला धडा या जिल्ह्यात दुसरा नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे मोखाड्याच्या डोंगरातल्या शाळेचे टपाल ठाण्याहून निघायचे, पंचायत समितीत थांबायचे आणि विस्तार अधिकाऱ्याच्या बीटामार्फत किंवा तालुक्याला गेलेल्या एखाद्या गुरुजींच्या पिशवीतून पाड्यावर पोचायचे. टपाल हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात अजून आहे. 'टपाल आलंय' म्हणजे वरून माहिती मागवलेली आहे. माहिती नसेल तर 'निरंक' असे कळवायचे, तेही सहीशिक्क्यानिशी. त्या काळी निरोपाला आठवडा लागे आणि उत्तराला दुसरा. ही दिरंगाई वाईटच होती. पावसाळ्यात एखादी शाळा महिनाभर तुटली, तर तिथल्या गुरुजींना कोणी विचारतही नसे.

त्याच दशकात दिल्लीत कोठारी आयोग बसला होता आणि त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. १९६६ च्या अहवालात आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली. परिसरातली एक माध्यमिक शाळा आणि तिच्या भोवतालच्या प्राथमिक शाळांनी एकत्र यावे, साधने वाटून घ्यावीत, शिक्षकांनी एकमेकांचे पाहून शिकावे. शाळेचा एकटेपणा हा शिक्षणातला मोठा अडथळा आहे, हे नाईकांनी नेमके हेरले होते. महाराष्ट्रात ही कल्पना १९९० च्या दशकात केंद्रशाळेच्या रूपाने उतरली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. महिन्यातून एकदा केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी एका शाळेत जमायचे. आधी गटसंमेलन होते, आता त्याला शिक्षण परिषद म्हणतात.

या संमेलनांबद्दल कुरकूर पुष्कळ ऐकू येते, तरी त्यांचे मोल मला फार वाटते. एक शिक्षक सगळ्यांसमोर नमुना पाठ घेतो. यजमान शाळेच्या भिंतीवरचे तक्ते इतर जण वहीत उतरवून घेतात. जेवणाच्या पंगतीत खरे बोलणे होते: हातच्याची वजाबाकी कशी शिकवलीस, तो सारखा गैरहजर राहणारा पोरगा शाळेत कसा आणलास. दोन शिक्षकांच्या शाळेत वर्षभर एकाच सहकाऱ्याचे तोंड पाहणाऱ्या माणसाला त्या दिवशी आपल्या व्यवसायाची माणसे भेटतात. ज्या केंद्रप्रमुखाने आणि ज्या मुख्याध्यापकाने हा दिवस जपला, त्यांच्या शाळांत फरक दिसला. ज्यांनी तो माहितीचे तक्ते गोळा करण्यात घालवला, त्यांच्याकडे माहिती तेवढी जमली.

तारापूरची गोष्ट निराळी. अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. त्याच वर्षी परमाणू ऊर्जा शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तारापूरच्या वसाहतीत तिच्या शाळा आल्या. बदलीचे शिक्षक देशभरातून येणारे, इमारती पक्क्या, कारभार एका संस्थेचा. काही किलोमीटरवर बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, कारखान्यांमागून चाळी आल्या आणि चाळींमागून पट वाढला. वर्ग कमी आणि मुले जास्त, म्हणून शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरू लागल्या. दोन सत्रांच्या शाळेत मुख्याध्यापकाची अडचण वेगळी असते. सकाळचे शिक्षक निघतात तेव्हा दुपारचे येत असतात. पाचवीला भूगोल शिकवणारे दोघे वर्षभरात एकमेकांशी धड बोलत नाहीत. तिथे सूचनावही दिवसातून दोनदा फिरायची आणि हजेरीच्या मस्टरजवळचा फळा हाच दोन सत्रांमधला दुवा असायचा. पुढे मोठ्या शाळांत वर्गावर्गांत ध्वनिक्षेपक बसले. मुख्याध्यापकांचा आवाज सर्वत्र एकदम पोचू लागला, तासाच्या मध्येच.

टेलिफोनबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायचा, बहुतेक शाळांत त्याला कुलूप असायचे, आणि पाड्यावरच्या शाळेत तो कधी पोचलाच नाही.

एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली. वसई-विरारहून पालघर-बोईसरकडे नोकरीला येणाऱ्या शिक्षकांचे एकाच डब्यातून जाणे-येणे वाढले आणि वेगवेगळ्या शाळांचे शिक्षक रोज तासभर समोरासमोर बसू लागले. सर्वात ताजे परिपत्रक, सर्वात चांगली प्रश्नपत्रिका आणि नव्या साहेबांचा स्वभाव या डब्यातच आधी कळतो. कोणा अधिकाऱ्याने न आखलेले हे गटसंमेलन अजून रोज भरते.

मग आले २०१४. १ ऑगस्टला पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. ठाण्याचे दफ्तर वाटले गेले, शिक्षक वाटले गेले, आठ तालुक्यांची नवी जिल्हा परिषद उभी राहिली. त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये पन्नासऐवजी शंभर माणसे बसू लागली आणि त्याच महिन्यात निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. पुढच्या वर्षी, जून २०१५ मध्ये, 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि शाळांची व मुलांची माहिती ऑनलाइन भरण्याची सरल प्रणाली सुरू झाली. जुन्या जिल्ह्यांच्या शिक्षण विभागांना टपालाची शंभर वर्षांची सवय मोडून फोनकडे यावे लागले. पालघरच्या शिक्षण विभागाचा मात्र फोनशिवायचा काळ जवळजवळ नव्हताच. हा जिल्हा ग्रुपवरच लहानाचा मोठा झाला. म्हणून फोनने शाळांचे काय केले हे पाहायचे, तर पालघरसारखी दुसरी जागा नाही.

सुरुवातीचा उत्साह खरा होता, आणि तो वरून लादलेला नव्हता. शेजारच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा शाळेत संदीप गुंड आणि गावकऱ्यांनी मिळून डिजिटल वर्ग उभा केला आणि गुंड सरांनी तो इतर शिक्षकांना शिकवला. 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द त्या दोन-तीन वर्षांत राज्यभर गेला. सोलापूरच्या परितेवाडीतून रणजितसिंह डिसले यांचे क्यूआर कोड पाठ्यपुस्तकांत आले. भाऊसाहेब चासकर आणि त्यांच्या मित्रांचा 'ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र' हा शिक्षकांचाच गट. अकोल्याचा शिक्षक गडचिरोलीच्या शिक्षकाला आपल्या वर्गातला प्रयोग सांगू लागला. शालापत्रक आणि शिक्षणपत्रिकेची वंशवेल इथे फोनवर पुन्हा फुटली.

आदेशाचे घराणेही त्याच फोनवर राहायला आले. जिल्ह्याचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, बीटाचा, केंद्राचा, शाळेचा. पालघरहून निघालेला निरोप या पायऱ्या उतरत दहा मिनिटांत तलासरीच्या शाळेत पोचतो. 'लिंक आजच भरावी.' फेब्रुवारी २०१६ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. २०१८ च्या उन्हाळ्यानंतर एक बारीक सोय आली: ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनच लिहू शकेल. प्रशासनाला ती सोयीची वाटली, कारण मोठ्या ग्रुपवर शुभेच्छांच्या गर्दीत महत्त्वाचा निरोप हरवत होता. पण ती कळ दाबली तेव्हा ग्रुपची सूचनावही झाली. वर मुख्याध्यापकांच्या ओळी, सहीच्या जागी निळी खूण, आणि उलट लिहायला जागा नाही. एक फरक तेवढा झाला. वही संध्याकाळी कपाटात जायची. फोन रात्री दहालाही वाजतो.

हा भार कोणावर पडतो तेही पाहिले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत १५० हून अधिक मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो आणि उच्च प्राथमिकला १०० हून अधिक. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरच्या बहुसंख्य शाळा त्या आकड्याच्या खाली. म्हणजे तिथे मुख्याध्यापक हा प्रभारी असतो, दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवणारा शिक्षकच. पोषण आहाराची रोजची नोंद त्याने करायची, सरल त्याने भरायचे, शाळेच्या वार्षिक माहितीचे यू-डायस त्यानेच भरायचे. फोन त्याचा, रिचार्ज त्याचे, आणि काही पाड्यांवर रेंज मिळवायला टेकाड चढायचे तेही त्यानेच. तेवढा वेळ त्याचे वर्ग मोकळे असतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दोन्ही घराण्यांची परीक्षा झाली. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' म्हणत पुण्याहून रोज अभ्यासमाला निघू लागली. ती याच पायऱ्या उतरत शिक्षकांकडे येई आणि शिक्षकांकडून पालकांकडे. बोईसरच्या चाळीत ती निदान काही घरांत पोचत होती. मोखाड्यात पालकाकडे साधा फोन, तोही कामावर गेलेल्या बापाच्या खिशात. तेव्हा जव्हार-मोखाड्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' सुरू केली. ध्वनिक्षेपक गावात न्यायचा, धड्याचे मुद्रण लावायचे, अंगणात बसलेली मुले ऐकतात. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे शिक्षक 'अनलॉक लर्निंग'च्या स्वाध्यायपुस्तिका घेऊन पाड्यांवर चालत गेले. त्या दिवसांत मुख्याध्यापकाचे खरे काम कागदावरचे होते: कोणत्या पाड्यावर कोणती मुले आहेत, तिथे कोण जाईल, कोणी कोणाच्या वर्गाची मुले सांभाळायची. ज्या शाळांत शिक्षकांना एकमेकांची मुले माहीत होती, तिथे ही वाटणी एका फोनवर झाली. जिथे आपसात बोलण्याची रीतच नव्हती, तिथे ग्रुपवर फक्त फोटो आले.

परीक्षा संपली आणि आदेशाचे घराणे आणखी पुढे गेले. डिसेंबर २०२३ पासून मुलांची हजेरी स्विफ्टचॅट या ॲपवरच्या बॉटला कळवायची झाली. आता पलीकडे माणूसही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी आंदोलन केले. शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेचे निकष आणि कंत्राटी शिक्षक हे मुख्य मुद्दे होते, पण आंदोलनाच्या पायऱ्यांत एक पायरी अशी होती की प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडायचे. पूर्वी मागण्यांसाठी काळी फीत लावत, मोर्चा काढत. ग्रुप सोडणे हे निषेधाचे हत्यार झाले, यावरून त्या ग्रुपचे शिक्षकाच्या आयुष्यात काय स्थान झाले होते ते कळते. शिक्षक शिक्षकांच्या ग्रुपमधून बाहेर पडले नव्हते. प्रशासनाच्या ग्रुपमधून पडले होते.

दुसऱ्या घराण्याची गरज या जिल्ह्यात इतर कुठल्याहीपेक्षा जास्त आहे, आणि तिचे कारण मुलांच्या तोंडात आहे. तलासरीत पहिलीला येणारे मूल घरी वारली बोलते. त्याला शिकवायला आलेले गुरुजी बहुतेकदा मराठवाड्याचे किंवा खानदेशचे. बोईसरच्या वर्गात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुले एका बाकावर बसतात. पुस्तकातली मराठी या दोन्ही मुलांना अनोळखी. या वर्गात काय करायचे, हे पुण्याहून निघालेल्या लिंकमध्ये असू शकत नाही. ते दहा वर्षे त्याच पाड्यावर काढलेल्या बाईंना माहीत असते. त्यांनी वारली शब्द आवाजी निरोपात बोलून नव्या गुरुजींना पाठवावेत, बोईसरच्या दोन सत्रांतल्या शिक्षकांनी एकमेकांच्या प्रश्नपत्रिका एका ठिकाणी ठेवाव्यात, यासाठी फोन पुरतो. पण त्यासाठी मुख्याध्यापकाने जागा करून द्यावी लागते. ती आपोआप होत नाही, कारण तातडीचा निरोप न-तातडीच्या बोलण्याला नेहमीच बाजूला सारतो.

जे मुख्याध्यापक हे जाणतात, त्यांनी साधे उपाय केले आहेत. आदेशाचा ग्रुप वेगळा, शिकवण्याचा वेगळा. दुसऱ्या ग्रुपवर एकही परिपत्रक टाकायचे नाही, एकही माहिती मागवायची नाही, आणि तिथे मुख्याध्यापकाने स्वतः आपल्या वर्गातली अडचण लिहायची. प्रमुखाने 'मला हे जमत नाही' असे लिहिले की सहकारी लिहू लागतात. संध्याकाळी सहानंतर आदेशाचा ग्रुप बंद. आलेल्या लिंकपैकी जी कार्यालयातून भरता येते ती शिक्षकापर्यंत जाऊच द्यायची नाही. चाळणीचे हे काम दिसत नाही आणि त्याचा अहवालही पाठवता येत नाही, तरी शाळेच्या प्रमुखाने तंत्रज्ञानाने करण्याजोगे यापेक्षा मोठे काम मला दिसत नाही.

पालघर जिल्हा परिषदेला दोन गोष्टी लगेच करता येतील. महिन्याच्या शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते भरून घेण्यावर बंदी घालावी. तो दिवस पूर्णपणे नमुना पाठाचा आणि चर्चेचा राहू द्यावा, आणि ज्या शिक्षकांना अंतरामुळे येता येत नाही त्यांच्यासाठी त्या पाठाचे चित्रीकरण केंद्राच्या ग्रुपवर ठेवावे. आणि प्रत्येक पाड्यावरच्या शाळेला शाळेच्या नावाचा एक फोन द्यावा. त्याचे रिचार्ज शाळेच्या सादिल खर्चातून व्हावे आणि शाळा सुटल्यावर तो शाळेच्या कपाटात राहावा.